गुरुवारची पाळी

(दिवाळे गावात झालेल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला आहे, 'निवृत्तीनंतरचं जीवन'. मी वक्ता नाही. कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. प्रेशर किती, तापमान किती, हे पाहून वहीत लिहायचं, हे माझं काम. तेव्हा आज जे सांगणार आहे तेही वहीत लिहिल्यासारखंच सांगतो. जे घडलं ते, जसं घडलं तसं.

सुरुवात एका मालिकेपासून करतो. इथे बसलेल्या बहुतेकांना दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' आठवत असेल. १९८८ साली लागायची. आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतला तो साधा विक्री कारकून, अंजन श्रीवास्तव यांनी उभा केलेला. साहेबाला घाबरणारा, पगाराची तारीख बघणारा, कुणाचं वाईट न चिंतणारा. आमच्या आळीत टीव्ही मोजकेच होते. पाळी सुटली की दहा-बारा जण एका घरात बसून बघायचो. मी तेव्हा ३३ वर्षांचा होतो. वागळ्यांचं ऑफिस आणि माझा कारखाना वेगळा, पण डबा तोच आणि धास्ती तीच.

मग २०२१ साली करोनाच्या दिवसांत ही मालिका पुन्हा आली. तेच अंजन श्रीवास्तव, त्याच भारती आचरेकर. पण आता श्रीनिवास वागळे आजोबा झालेले, नोकरी केव्हाच संपलेली. ऑफिसला जायची धावपळ मुलाच्या वाट्याला आलेली. नातवंडांसोबत बघताना माझ्या मनात आलं, या दोन वागळ्यांच्या मधली ३३ वर्षं टीव्हीने दाखवलीच नाहीत. ऑफिसचा शेवटचा दिवस कसा गेला? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून हा माणूस कुठे गेला? ती मधली वर्षं माझ्याही आयुष्यात आहेत. आज त्यांच्याबद्दलच बोलतो.

मी याच गावचा. वडील खाडीत होडी घेऊन जायचे. बोय, कोलंबी, चिंबोऱ्या, नशीब असलं तर जिताडा. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहू लागली. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने होतेच. वडील म्हणाले, "खाडीचा आता भरवसा नाही, तू कंपनी धर." मी आयटीआय केलं आणि १९७७ साली एका रासायनिक कारखान्यात लागलो. २७ वर्षं पहिली, दुसरी, तिसरी अशा पाळ्या केल्या. पहिल्या पाळीची बस सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नाक्यावर यायची. ती बस मी कधी चुकवली नाही.

२००४ साली नोटीस लागली. कारखाना बंद करायचा होता. त्या कागदाचं नाव होतं 'स्वेच्छानिवृत्ती योजना'. मी ४९ वर्षांचा. मुलगी कॉलेजात, मुलगा दहावीत. सही केली नाही तर पुढे काय मिळेल याची खात्री नव्हती, म्हणून सगळ्यांनी सही केली. त्या शब्दात 'स्व' कुणाचा आणि 'इच्छा' कुणाची, हे मला आजवर कळलेलं नाही.

असं आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यातले कितीतरी पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास लोकांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ३१ जानेवारी २०२० ला एकट्या बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक माणसं एका दिवशी घरी गेली. या सभागृहातही त्यातले काही असतील. पैसे बहुतेकांना थोडेफार मिळाले. पण पैशांत एक गोष्ट येत नाही. सकाळी सहा दहाची बस येत नाही.

पहिले काही महिने मी पाचलाच उठायचो. अंघोळ करायची, चहा घ्यायचा आणि मग काय करायचं ते कळायचं नाही. घरात बसलो की पत्नीच्या कामात अडथळा. नाक्यावर गेलो की लोक विचारणार, "काय करतोस हल्ली?" म्हणून मी जेट्टीवर जाऊन बसायचो. तिथे माझे एक चुलते जाळी शिवत बसलेले असायचे. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, समुद्रावर जाणं बंद. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय रं, आज कंपनीन नाय गेलास?" मी सांगितलं, कंपनी बंद झाली. ते काही बोलले नाहीत. पुढच्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा मीच विचारलं, "काका, तुम्हाला कुणी सांगितलंय का हे काम? कुणी पैसे देतं का?" ते म्हणाले, "पोरं उद्या पहाटे होडी काढतील. तवा जालं फाटकं नको."

एवढंच. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. अर्थ कळायला चार वर्षं लागली आणि त्यासाठी एक मोठी चूक करावी लागली. त्या चुकीवर येतो.

२००६ साली संस्थेच्या एका कार्यकर्त्याने मला विचारलं, "कर्नाळ्याच्या बाजूला एक कातकरी वाडी आहे, तिथला हातपंप बंद पडलाय. तुम्ही फिटर ना? बघता का?" मी खूश झालो. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मला फिटर म्हटलं होतं. हत्यारांची पेटी घेतली, पनवेलपर्यंत लोकल, पुढे एसटी आणि मग तीन किलोमीटर चाल. पंप उघडला, आतलं वॉशर झिजलं होतं. दोन तासांत पाणी आलं. बायका-पोरं जमली. मी घरी येऊन पत्नीला सगळं रंगवून सांगितलं.

महिन्याभराने पंप कसा चाललाय ते बघायला पुन्हा गेलो. दिवाळी होऊन गेली होती. वाडीत कुणीच नाही. झोपड्यांच्या दारांना काट्या लावलेल्या. एक म्हातारी आजी आणि तिचा नातू, एवढेच मागे. बाकी सगळे वीटभट्टीवर गेलेले. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर ती फेडायला बायका-मुलांसकट जायचं, ते पुढचा पाऊस तोंडावर आला की परत यायचं. आजी म्हणाली, "पंप चांगला केलास बाबा. पण प्यायला माणसं कुठं हायत?"

मी तिथेच बसलो. बोलता बोलता तिला सांगितलं की माझाही कारखाना बंद झाला, मलाही कामावरून काढलं. तिने विचारलं, "मग काही दिलं का तुला?" मी म्हटलं, "हो, पैसे दिले." ती म्हणाली, "आमाला तर काहीच नाय दिलं."

मला आधी कळेना ती कशाबद्दल बोलतेय. मग तिने सांगितलं. तिच्या आज्याच्या वेळेपर्यंत त्यांचे लोक काथ करायचे. खैराचं लाकूड तोडायचं, आतला लाल गाभा तासायचा, त्याचे तुकडे मडक्यात उकळायचे, रस आटवून दाट करायचा, वाळवून वड्या करायच्या. कात करणारे म्हणून कातकरी. पानात लावतो तो कात या लोकांच्या हातचा. मग इंग्रजांनी जंगलं राखीव केली, १८७८ चा वन कायदा आला. खैराला हात लावणं गुन्हा ठरलं आणि हळूहळू तो धंदा हातचा गेला. मग कोळसा पाडणं, मग मजुरी, मग वीटभट्टी.

बंधू-भगिनींनो, एका अख्ख्या जमातीला कामावरून काढलं गेलं. नोटीस नाही, योजना नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. नाव मात्र त्या गेलेल्या कामाचंच राहिलं. महाराष्ट्रात अतिअसुरक्षित म्हणून नोंदलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातली एक आपल्या गावापासून तासा-दीड तासावर राहते आणि मला वयाच्या ५१ व्या वर्षापर्यंत तिच्याबद्दल एवढंच माहीत होतं की बाजारात खेकडे आणि रानभाज्या विकायला येणाऱ्या बायका त्या.

त्या दिवशी निघताना आजीने नातवाच्या शाळेचा एक कागद दाखवला. "हे काय लिवलंय बघ." आश्रमशाळेत प्रवेशासाठी जातीचा दाखला मागितला होता. मी चौकशी केली. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी कुटुंब ६ सप्टेंबर १९५० पूर्वीपासून राज्यात राहतं याचा पुरावा लागतो. वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, सातबारा. आता ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या घराखालची जमीन दुसऱ्याच्या नावावर, जो वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर, तो हे कुठून आणणार? त्याच्याकडे पाहून कुणालाही कळतं की तो कातकरी आहे. कागदाला कळत नाही.

इथे माझ्या जुन्या कामाचा उपयोग झाला. कारखान्यात आम्ही लॉगबुक ठेवायचो. दर तासाला नोंद, आणि पाळी बदलताना पुढच्याच्या हातात वही. मी एक जाड रजिस्टर घेतलं. वाडीत ३१ घरं. प्रत्येक घराला एक पान. घरात कोण कोण, जन्म कुठे झाला, रेशनकार्ड आहे का, कुठल्या रंगाचं, मतदार यादीत नाव आहे का, आजोबांच्या पिढीतलं कुणी शाळेत गेलं होतं का, कोणता अर्ज कधी दिला, पोच मिळाली का, पुन्हा कधी बोलावलंय. गावातल्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बघितलं, तेव्हा एका आजोबांचं पहिलीतलं नाव सापडलं. चार महिने शाळेत गेले होते ते. त्या एका ओळीवर नात्यातल्या सात घरांची कामं पुढे सरकली. पुढे वनहक्क कायदा आला. २००६ चा कायदा, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीचा दावा ग्रामसभेत करायचा. त्यासाठी रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखला.

सगळं चांगलं चाललं होतं. लोक मला 'काका' म्हणायला लागले होते. गावात कुणी विचारलं, "काय करतोस हल्ली?" तर माझ्याकडे उत्तर होतं. मला वाटलं, आपल्याला आपला मार्ग सापडला.

आता ती चूक सांगतो.

२००८ साल. वाडीतली एक मुलगी चौथी पास झाली होती. हुशार, अक्षर सुंदर. पाचवीला आश्रमशाळेत घालायची, राहायची-जेवायची सोय तिथेच, म्हणजे दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर जावं लागणार नाही. तिचा जातीचा दाखला करायला मी आठ महिने खेपा घातल्या. मे महिन्यात दाखला हातात आला. आईबाप अजून भट्टीवर होते, म्हणून मी तो घरी आणून कपाटात ठेवला. त्याच आठवड्यात आम्ही नवरा-बायको यात्रेला निघालो. पंचवीस दिवसांची यात्रा. मनात आलं होतं, दाखला कुणाकडे तरी देऊन जावं. पण मग वाटलं, एवढी घाई काय, आल्यावर मीच नेऊन देईन. खरं सांगतो, तो दाखला माझ्या हाताने द्यायचा मान मला हवा होता.

परत आलो तेव्हा शाळा सुरू झाली होती. जागा भरल्या होत्या. मुलीचा बाप भट्टीवरून आल्यावर दोनदा बेलापूर स्टेशनपर्यंत येऊन गेला होता. माझं घर त्याला माहीत नव्हतं, आणि मी ते कधी सांगितलंही नव्हतं. मी हात जोडले, विनंत्या केल्या, पण वर्ष गेलं. दिवाळीनंतर ती मुलगी भट्टीवर गेली. पुढच्या जूनमध्ये मी पुन्हा विषय काढला तेव्हा ती धाकट्या भावाला सांभाळत होती आणि शाळेचं नाव काढायला तयार नव्हती. सोळाव्या वर्षी तिचं लग्न झालं. मला कुणीही काही बोललं नाही. बापाने फक्त एवढंच विचारलं, "काका, तुमी असं का केलं?" त्याला खरंच कारण जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे कारण नव्हतं.

कारखान्यात मी २७ वर्षांत कधी न कळवता पाळी चुकवली नाही. का? कारण माझी वाट बघत माझ्या आधीचा माणूस यंत्रापाशी उभा असायचा. मी गेलो नाही तर तो घरी जाऊ शकत नव्हता. आणि इथे, वाडीच्या कामात, मी स्वतःला सूट दिली होती. कारण हे 'सेवेचं' काम. पगार नाही, म्हणजे जमेल तेव्हा. मोकळा वेळ आहे म्हणून. माझी सकाळ रिकामी जाऊ नये म्हणून मी त्या वाडीचा वापर करत होतो, आणि ते मला कळलंही नव्हतं. तेव्हा मला जाळी शिवणारे चुलते आठवले. ते मन रमवायला जाळं शिवत नव्हते. पहाटे होडी निघणार होती म्हणून शिवत होते. जाळं फाटकं निघालं तर पोरं रिकामी परत येणार होती, आणि तो भार त्यांनी आपणहून अंगावर घेतला होता.

निवृत्तीनंतर जगण्याला अर्थ शोधावा, असं लोक म्हणतात. माझा अनुभव असा की तो शोधून सापडत नाही. ज्या दिवशी कुणीतरी तुमच्या येण्यावर विसंबून राहतं आणि तुम्ही ते मान्य करता, त्या दिवशी तो आपोआप येतो. आणि ते विसंबणं तुम्ही हलक्यात घेतलंत तर तुमचा फक्त एक दिवस जातो, समोरच्याचं आयुष्य जातं.

त्यानंतर मी तीन नियम केले. इथे जे नव्याने काम सुरू करू इच्छितात त्यांच्यासाठी सांगतो.

पहिला, वार ठरवा. माझा गुरुवार. त्या दिवशी कचेऱ्या उघड्या असतात. पाऊस असो, घरी पाहुणे असोत, गुरुवारी मी वाडीत. जमणार नसेल तर आधी निरोप, आणि बदली माणूस. कारखान्यात रजा टाकायचो तशी इथेही टाकायची.

दुसरा, कुणाचाही मूळ कागद आपल्या घरी ठेवायचा नाही. ज्याचा कागद त्याच्या हातात, त्याच दिवशी. आपल्याजवळ फक्त नोंद. आणि आपला पत्ता वाडीतल्या प्रत्येक घराला माहीत हवा.

तिसरा, पहिल्या वर्षापासून पुढच्या पाळीचा माणूस तयार करायचा. हे मी उशिरा केलं. आज वाडीतला एक दहावी झालेला मुलगा हे काम बघतो. मी ज्याला तीन खेपा घालायचो ते अर्ज तो मोबाईलवरून भरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राची पीएम-जनमन योजना आली, अतिअसुरक्षित जमातींसाठी. पक्की घरं, रस्ते, पाणी, वीज. तेव्हा आधार, बँक खातं, दाखला ही सगळी माहिती लागली. त्याने ते जुनं रजिस्टर काढून एका रात्रीत यादी केली. गुरुवारी मी गेलो तर म्हणाला, "काका, झालं सगळं. तुम्ही फक्त एकदा नजर घाला." मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. पण माझ्या आयुष्यातली खरी स्वेच्छानिवृत्ती म्हणाल तर ती हीच. पुढचा माणूस यंत्रापाशी उभा आहे आणि वही त्याच्या हातात आहे.

वाडीचे सगळे प्रश्न सुटले असं मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर आजही काही दारांना काट्या लागतात. ३१ पैकी २७ घरांत जातीचे दाखले आहेत, चार घरं अजून बाकी. वनहक्काचे काही दावे मंजूर झाले, काही पडून आहेत. ती पंपवाली आजी आता नाही. तिचा नातू पनवेलला कामाला आहे.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. २०२१ साली, शाळा पुन्हा उघडायच्या सुमारास, एका गुरुवारी मी वाडीत बसलो होतो. एक बाई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मी ओळखलं. तीच, सुंदर अक्षराची. लग्न होऊन दुसऱ्या वाडीला गेली होती, तिथून चालत आली होती. तिने कागदांची पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, हिला पहिलीत घालायची हाय. हिची तारीख चुकवू नका."

रागाने नाही म्हणाली. विश्वासाने म्हणाली, आणि मला तेच जास्त लागलं. मी त्या मुलीचं पान उघडलं. कागद जिथल्या तिथे तपासले, जे मूळ होते ते पिशवीत घालून तिच्या हातात परत दिले आणि त्याच दिवशी तिच्याबरोबर अर्ज द्यायला गेलो. ती मुलगी आज शिकते आहे.

मंडळी, इथे ज्यांचं काम मनाविरुद्ध सुटलं असेल, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. मन रमवायला वाडीत येऊ नका. पाळी करायला या. संस्थेच्या कामाला अजून चार वाड्यांत माणसं हवी आहेत आणि सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार मोकळे आहेत. ज्याला यायचं असेल त्याने येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता बेलापूर स्टेशनवर तिकीट खिडकीपाशी भेटावं. मी सहा पन्नासला तिथे असतो.